व्हीएम झोपवताना, व्हीएम उठवताना

या महिन्यात सोलापुरातून आलेली बरीच पत्रे एकाच विषयावर आहेत. चालू असलेली व्हर्च्युअल मशीन, म्हणजे रोजच्या बोलण्यातली व्हीएम (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक), आहे त्या अवस्थेत जपून ठेवायची आणि नंतर तिथूनच पुढे चालू करायची, हे नीट कसे करावे? पत्रे वेगवेगळ्या ठिकाणांहून आली असली तरी चुका सारख्याच आहेत, म्हणून या वेळचे सदर पूर्ण याच विषयाला दिले आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्यात.

प्रश्न : आमचं हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वर चालतं, म्हणून ते व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवलंय. व्हीएमला ४ जीबी मेमरी दिली आहे. वीज गेली की यूपीएसवर दहा-बारा मिनिटं मिळतात. खिडकी बंद करताना तीन पर्याय समोर येतात. घाईत त्यातला कोणता निवडावा? मागे एकदा तिसरा निवडला, तर दुसऱ्या दिवशी कंपनीची फाइलच उघडेना.
— हिशेबनीस, टॉवेल कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : तिसरा पर्याय, ‘पॉवर ऑफ द मशीन’, म्हणजे चालू संगणकाची वायर भिंतीतून उपटणे. विंडोजने मेमरीत धरून ठेवलेले, पण डिस्कवर अजून न लिहिलेले सगळे त्यात जाते. तुमची फाइल तशीच बिघडली असणार. दुसरा पर्याय, ‘सेंड द शटडाउन सिग्नल’, व्हीएममधल्या विंडोजला ‘आता बंद हो’ असे सांगतो. मार्ग उत्तम, पण आत एखादी खिडकी ‘बदल जतन करू का?’ असे विचारत बसली तर विंडोज तिथेच अडकते आणि यूपीएसची मिनिटे सरत राहतात. पहिला पर्याय ‘सेव्ह द मशीन स्टेट’. तो व्हीएम जागच्या जागी थांबवतो आणि तिची मेमरी, प्रोसेसरची स्थिती व आभासी उपकरणांची स्थिती एका ‘डॉट एसएव्ही’ फाइलमध्ये लिहितो. ही फाइल व्हीएमच्या फोल्डरमधल्या ‘स्नॅपशॉट्स’ या उपफोल्डरमध्ये असते. पुन्हा ‘स्टार्ट’ दाबले की कर्सर जिथे होता तिथेच लुकलुकताना दिसतो.

घाईत पहिलाच पर्याय निवडा. वेळेचा अंदाज असा: साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी लिहिते असे धरले, तर ४ जीबीला ४० सेकंद लागतात आणि १६ जीबीला पावणेतीन मिनिटे. साटा जोडणीच्या एसएसडीवर ४ जीबीचे काम आठ-दहा सेकंदांत होते. मेमरीचा जो भाग वापरलाच नाही तो लिहावा लागत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ बहुधा याहून कमीच लागतो. मात्र त्यानंतर मूळ संगणकही बंद व्हायचा असतो, हे विसरू नका. वीज जाऊन दोन मिनिटे झाली आणि ती आली नाही, की सेव्ह करा. शेवटच्या मिनिटाची वाट पाहू नका.

यूपीएसच्या मिनिटांवर उन्हाळ्यात विसंबू नये. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान गृहीत धरून सांगितलेले असते, आणि त्यापुढे दर १० अंशांना ते साधारण निम्मे होते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. दोन उन्हाळे पाहिलेली बॅटरी बारा मिनिटांची पाच मिनिटांवर आलेली असू शकते. सुट्टीच्या दिवशी यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा, घड्याळ लावा आणि व्हीएम सेव्ह होऊन संगणक बंद होईपर्यंत किती वेळ गेला ते लिहून ठेवा. ही रंगीत तालीम दर चार महिन्यांनी करावी.

हे काम आपोआप व्हावे असे वाटत असेल, तर यूपीएसच्या सॉफ्टवेअरला एक बॅच फाइल (ओळीने आज्ञा लिहिलेली साधी फाइल) जोडता येते. तिच्यात एक ओळ हवी: ‘व्हीबॉक्समॅनेज कंट्रोलव्हीएम हिशेब सेव्हस्टेट’. ‘हिशेब’च्या जागी तुमच्या व्हीएमचे नाव घाला. इथे बहुतेकांची एकच चूक होते. यूपीएसचे सॉफ्टवेअर विंडोजच्या ‘सिस्टिम’ खात्यावर चालते आणि व्हीएम मात्र तुमच्या खात्यात नोंदलेली असते. मग आज्ञा चालते, पण तिला त्या नावाची व्हीएम सापडत नाही. व्हीएम ज्या खात्यात आहे त्याच खात्याने ही आज्ञा चालली पाहिजे.

ज्या ड्राइव्हवर व्हीएम आहे तिथे किमान तिच्या मेमरीएवढी जागा रिकामी ठेवा. जागा संपली तर सेव्ह अर्ध्यावर फसते, आणि ते नेमके वीज गेलेली असतानाच लक्षात येते.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबमध्ये व्हर्च्युअलबॉक्सवर उबुंटू बसवून प्रोजेक्ट करते आहे. लॅब बंद होताना व्हीएम सेव्ह केली, फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला आणि घरच्या लॅपटॉपवर उघडला, तर सेव्ह केलेली स्थिती वाचता येत नाही असा संदेश येतो. लॅबचा संगणक इंटेलचा आहे आणि माझा एएमडीचा. प्रोजेक्ट गेला का?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, अशोक चौक

उत्तर : प्रोजेक्ट गेलेला नाही, काळजी करू नका. सेव्ह केलेल्या स्थितीत प्रोसेसरची स्थितीही असते. उबुंटू सुरू होताना त्याने प्रोसेसरला कोणकोणत्या सूचना समजतात ते पाहून घेतलेले असते आणि त्यावर विसंबून ते चालत असते. दुसऱ्या प्रोसेसरवर त्या सूचना नसतील तर ते मध्येच कोसळेल, म्हणून व्हर्च्युअलबॉक्स आधीच नकार देतो. दोन्हीकडे व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती वेगळी असेल, किंवा सीडीच्या जागी जोडलेली आयएसओ फाइल लॅपटॉपवर नसेल, तरीही अशीच अडचण येते.

सर्वांत चांगला उपाय लॅबमध्येच आहे. तिथली मूळ व्हीएम अजून तशीच असेल, तर ती तिथे उठवा, आतून उबुंटू रीतसर बंद करा, जोडलेली आयएसओ काढा आणि मग फोल्डर घ्या. किंवा ‘फाइल’ मेनूमधून ‘एक्स्पोर्ट अप्लायन्स’ करून एकच ओव्हीए फाइल न्या. त्या फाइलमध्ये जुने स्नॅपशॉट (मागे परतण्यासाठी जपलेले टप्पे) येत नाहीत, फक्त सध्याची डिस्क येते. पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. तो आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्यावा, मात्र त्यावरचे आधीचे सगळे पुसले जाते.

लॅबमधली प्रत पुसली गेली असेल, तर घरच्या फोल्डरची आधी एक प्रत काढून बाजूला ठेवा. मग व्हीएमवर उजवे बटण दाबून ‘डिसकार्ड सेव्ह्ड स्टेट’ निवडा. याने मेमरी टाकून दिली जाते आणि डिस्क राहते. उबुंटूला वीज गेल्यासारखे वाटेल, पण एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) जर्नल, म्हणजे होणाऱ्या बदलांची नोंदवही, ठेवते, त्यामुळे सुरू होताना ती स्वतःला सावरते. जाईल ते एवढेच: उघड्या एडिटरमधला जतन न केलेला मजकूर आणि शेवटच्या काही सेकंदांतले लिखाण.

प्रश्न : आमच्याकडे जीएसटीच्या कामासाठी एक व्हीएम आहे, तिची डिस्क ६० जीबीची. प्रत्येक अपडेटच्या आधी स्नॅपशॉट घेतो. आता तीन स्नॅपशॉट आहेत आणि फोल्डर १७० जीबीचा झालाय. कंसातल्या लांबलचक नावांच्या जुन्या फाइली उडवल्या तर चालेल?
— करसल्लागाराचं कार्यालय, नवी पेठ

उत्तर : मुळीच नको. त्यातली एकही फाइल हाताने उडवू नका.

स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क-फाइल गोठते आणि त्यापुढचे बदल एका नव्या फरक-फाइलमध्ये लिहिले जातात. दुसरा स्नॅपशॉट घेतला की ती फरक-फाइलही गोठते आणि तिसरी सुरू होते. व्हीएमला आज दिसणारी डिस्क ही या सगळ्या साखळीची मिळून असते. मधली एक कडी काढली तर तिच्यापुढचे सगळे निरुपयोगी. प्रत्येक फरक-फाइल वाढत वाढत पूर्ण ६० जीबीपर्यंत जाऊ शकते. मूळ ६० आणि तीन फरक-फाइली, म्हणजे अगदी वाईट वेळी २४० जीबी. तुमचे १७० त्याच वाटेवर आहेत.

जागा सोडवण्याची रीत: आधी व्हीएम रीतसर बंद करा आणि पूर्ण फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग व्हर्च्युअलबॉक्सच्या स्नॅपशॉटच्या यादीतून एक स्नॅपशॉट निवडून ‘डिलीट’ करा. ‘डिलीट’ शब्दाने घाबरू नका. त्याने तुमचे आजचे काम पुसले जात नाही, फक्त परतीचा तो टप्पा जातो आणि त्याची फरक-फाइल शेजारच्या फाइलमध्ये मिसळली जाते. मिसळताना तात्पुरती जास्त जागा लागते आणि वेळही बराच जातो. हार्ड डिस्कवर तासही मोडू शकतात. म्हणून हे काम ड्राइव्ह काठोकाठ भरण्याआधी करावे, एका वेळी एकच स्नॅपशॉट काढावा आणि मध्ये संगणक बंद पडणार नाही याची सोय करावी.

‘डिलीट’पेक्षा धोकादायक बटण आहे ‘रिस्टोर’. रिस्टोर केले की स्नॅपशॉटनंतर केलेल्या नोंदीही मागे जातात. अपडेट फसले म्हणून मागच्या सोमवारचा स्नॅपशॉट परत आणलात, तर सोमवारनंतरची सगळी बिले गेली. रिस्टोर करताना ‘सध्याच्या स्थितीचा स्नॅपशॉट घ्या’ अशी एक चौकट येते. तिच्यातली खूण कधीही काढू नका.

तुमच्या कामासाठी मी विदा (डेटा) वेगळी ठेवायला सांगेन. विंडोज आणि सॉफ्टवेअर एका डिस्कवर, नोंदी दुसऱ्या डिस्कवर. व्हर्च्युअल मीडिया मॅनेजरमध्ये त्या दुसऱ्या डिस्कचा प्रकार ‘राइट-थ्रू’ केला की स्नॅपशॉट तिला हात लावत नाही. मागे गेले तरी नोंदी जागेवर राहतात. मात्र मग स्नॅपशॉट नेहमी व्हीएम बंद असतानाच घ्यायचा. चालू व्हीएमच्या स्नॅपशॉटमध्ये मेमरीही असते, आणि जुनी मेमरी नव्या डिस्कवर आली की काय होते ते पुढच्या उत्तरात सविस्तर दिले आहे.

आणि स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. तो मूळ डिस्कवर उभा असतो, आणि मूळ डिस्क ज्या ड्राइव्हवर आहे तो मेला की दोन्ही एकदमच जातात.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत लिनक्स सर्व्हरवर केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवण्याची सोय) आहे, आत माय-एसक्यूएल डेटाबेस. दिवाळीच्या सुट्टीआधी ‘व्हर्श सेव्ह’ने व्हीएम एका फाइलमध्ये ठेवली, सुट्टीनंतर ‘व्हर्श रिस्टोर’ने उठवली, छान चालली. आठवड्याने व्हीएम अडकली, म्हणून तीच फाइल पुन्हा रिस्टोर केली. सुरुवातीला ठीक वाटलं, पण तासाभरात डेटाबेसच्या चुका यायला लागल्या आणि आता फाइल सिस्टिमच फक्त वाचण्यापुरती चालते आहे. असं का झालं?
— संगणक विभाग, होटगी रोड

उत्तर : या महिन्यातले हे सर्वांत महत्त्वाचे पत्र, कारण सेव्ह आणि रिस्टोर यांचा गाभाच यात आहे.

‘व्हर्श सेव्ह’ फक्त मेमरी आणि यंत्राची स्थिती लिहितो. डिस्कची प्रत काढत नाही. त्या फाइलमधली मेमरी त्याच क्षणाच्या डिस्कशी बांधलेली असते. सोलापुरी चादर ज्या जकार्ड मागावर विणली जाते तो माग डोळ्यांसमोर आणा. नक्षीचे पत्ते ज्या ओळीवर थांबले, कापडही त्याच ओळीवर थांबलेले असते. माग पुन्हा सुरू केला की नक्षी न तुटता पुढे जाते. आता कापड हातभर पुढे विणून झाल्यावर पत्ते मागच्या आठवड्याच्या ओळीवर नेऊन ठेवले तर? माग चालेल, पण नक्षी तुटलेलीच निघेल.

तुमच्या व्हीएममध्ये नेमके हेच झाले. मेमरीत फाइल सिस्टिमचा कॅशे असतो: डिस्कवरचा कोणता ब्लॉक रिकामा, कोणता भरलेला, कोणती फाइल कुठे. तो आठवडाभर जुना. त्यात जो ब्लॉक रिकामा दिसत होता, तिथे दरम्यान नव्या नोंदी बसल्या होत्या. उठलेल्या व्हीएमने त्याच जागेवर बिनदिक्कत लिहिले. माय-एसक्यूएलनेही आपल्या मेमरीतली जुनी पाने नव्या फाइलींवर टाकली. विसंगती पुरेशी साचल्यावर लिनक्सच्या कर्नलने ती ओळखली आणि फाइल सिस्टिमवर लिहिणे बंद केले.

आता काय करायचे? आधी व्हीएम ‘व्हर्श डिस्ट्रॉय’ने ताबडतोब थांबवा. नाव भयंकर असले तरी ही आज्ञा डिस्क पुसत नाही, फक्त वीज तोडते. इथे रीतसर शटडाउन करू नये, कारण रीतसर बंद होताना जुनी मेमरी उरलेसुरले सगळे डिस्कवर लिहून टाकते आणि नुकसान वाढते. मग डिस्क-फाइलची प्रत काढा आणि दुरुस्ती त्या प्रतीवरच करा. ‘क्यूईएमयू-आयएमजी चेक’ फक्त डिस्क-फाइलचे क्यूकाऊ२ हे बाहेरचे खोके तपासते. त्याने ‘ठीक’ म्हटले तरी आतल्या फाइल सिस्टिमबद्दल काहीच कळत नाही. तिच्यासाठी वेगळे ‘एफएससीके’ चालवावे लागते. त्यानंतरही डेटाबेसवर विश्वास ठेवू नका. तो शेवटच्या चांगल्या बॅकअपवरून उभा करा आणि मधल्या नोंदी कागदपत्रांवरून पुन्हा चढवा. पतसंस्थेत लोकांचे पैसे आहेत; ‘बहुतेक नोंदी बरोबर दिसतात’ एवढ्यावर इथे भागत नाही.

पुढे ‘सेव्ह’ऐवजी ‘व्हर्श मॅनेज्डसेव्ह’ वापरा. त्यात फाइल कुठे ठेवायची ते लिबव्हर्ट (‘व्हर्श’च्या मागचे, व्हीएम सांभाळणारे सॉफ्टवेअर) स्वतः पाहते, ‘व्हर्श स्टार्ट’ केले की त्याच स्थितीतून उठवते आणि नंतर ती फाइल काढून टाकते. तीच फाइल दुसऱ्यांदा वापरण्याची वेळच येत नाही. झोपवलेली व्हीएम नुसत्या ‘व्हर्श लिस्ट’मध्ये दिसत नाही, आणि ‘ऑल’ लावल्यावर बंद असल्यासारखी दिसते. ‘मॅनेज्ड-सेव्ह’ हा पर्यायही जोडला की तिच्यापुढे ‘सेव्ह्ड’ असे येते. ‘व्हर्श सस्पेंड’ मात्र निराळा: तो व्हीएम मेमरीतच थांबवतो, डिस्कवर काही लिहीत नाही. त्यावर विसंबून सर्व्हर बंद केला तर सगळे गेले.

सर्व्हर बंद होताना व्हीएमचे काय करायचे ते ‘लिबव्हर्ट-गेस्ट्स’ ही सेवा ठरवते. तिच्या सेटिंगमध्ये ‘ऑन शटडाउन’पुढे ‘सस्पेंड’ लिहिले तर ती मॅनेज्डसेव्ह करते, ‘शटडाउन’ लिहिले तर रीतसर बंद करते. डेटाबेसच्या व्हीएमला ‘शटडाउन’च योग्य, सोबतचा ‘शटडाउन टाइमआउट’ यूपीएसच्या वेळेपेक्षा पुरेसा कमी ठेवा. दिवाळीची असो वा गड्ड्याच्या जत्रेची, चार दिवसांची सुट्टी असेल तर डेटाबेस झोपवून ठेवण्यात काहीच फायदा नाही. तो बंद करा. अवस्था जपण्याची सोय थोड्या वेळासाठी आहे.

आणखी दोन गोष्टी. व्हीएमला खरे पीसीआय कार्ड थेट जोडलेले असेल तर सेव्ह होत नाही, आधी ते काढावे लागते. आणि सेव्ह फाइल दाबून लहान करण्याची सोय क्यूईएमयूच्या (केव्हीएमची व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये आहे. जीझिपने फाइल लहान होते पण वेळ वाढतो. वीज जाण्याच्या भीतीने सेव्ह करत असाल तर ती न दाबता, कच्चीच लिहू द्या.

प्रश्न : शुक्रवारी सेव्ह केलेली व्हीएम सोमवारी उठवली की आतलं घड्याळ शुक्रवारचंच असतं. बिलावर चुकीची तारीख पडते आणि संकेतस्थळं उघडत नाहीत.
— कापड दुकान, सात रस्ता

उत्तर : व्हीएमच्या दृष्टीने मधले दोन दिवस घडलेच नाहीत. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची तारीख आतल्या घड्याळाशी ताडली जाते, म्हणून ती उघडत नाहीत. डोमेनमध्ये (कार्यालयाच्या सामाईक लॉगिनच्या जाळ्यात) लॉगिन होत असेल तर तिथेही साधारण पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपत नाही.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये गेस्ट अ‍ॅडिशन्स, म्हणजे व्हीएमच्या आत चालणारी पूरक सॉफ्टवेअरे, बसवा. स्थिती परत आली की घड्याळ लावणे हे त्यांचे ठरलेलेच काम आहे. बसवूनही होत नसेल, तर त्यांची आवृत्ती व्हर्च्युअलबॉक्सच्या आवृत्तीशी जुळते का ते पाहा. केव्हीएमवर आत गेस्ट एजंट हे तसेच पूरक सॉफ्टवेअर बसवून बाहेरून ‘व्हर्श डोमटाइम’ आज्ञा ‘सिंक’ पर्यायासह द्यावी. आत लिनक्स आणि क्रोनी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारे सॉफ्टवेअर) असेल तर एक खोच आहे: बऱ्याच ठिकाणी क्रोनीला सुरुवातीच्या तीन तपासण्यांपुरतीच घड्याळ एकदम पुढे ढकलण्याची मुभा दिलेली असते. त्यानंतर ते हळूहळू सरकवते, आणि दोन दिवसांचा फरक असा भरून निघायला फार काळ जातो. उठवल्यावर ‘क्रोनीसी मेकस्टेप’ एकदा चालवा.

उठल्यावर नेटवर्क नसेल तर आयपी पत्त्याची मुदत संपलेली असते. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ पुरेसे आहे. पहिले बिल काढण्याआधी तारीख डोळ्यांनी पाहा.

प्रश्न : हायपर-व्हीमध्ये (विंडोजमधल्या व्हीएम चालवण्याच्या सोयीत) १६ जीबी मेमरीची व्हीएम चालू केली की ड्राइव्हवरची १६ जीबी जागा गायब होते. का?
— चिंचोळी एमआयडीसी

उत्तर : ‘ऑटोमॅटिक स्टॉप अ‍ॅक्शन’ हे सेटिंग मुळात ‘सेव्ह’वर असते. मूळ संगणक अचानक बंद करायची वेळ आली तर मेमरी लिहायला जागा हवी, म्हणून हायपर-व्ही ती आधीच अडवून ठेवते. सेटिंग ‘शटडाउन’ केले की जागा मोकळी होते. त्यासाठी व्हीएम आधी बंद करावी लागते.

प्रश्न : सेव्ह केलेली व्हीएम पेनड्राइव्हवर ठेवून दुसऱ्या शाखेत पाठवली तर पासवर्ड सुरक्षित राहतात का?
— बँकेचे कर्मचारी, सोलापूर

उत्तर : नाही. सेव्ह फाइल म्हणजे मेमरीची हुबेहूब प्रत. त्या क्षणी आत उघडलेली कागदपत्रे, लॉगिन झालेली सत्रे, आतली डिस्क कूटबद्ध (एन्क्रिप्ट केलेली) असेल तर ती उघडण्याची किल्लीसुद्धा, सगळे तिच्यात असते. फाइल हाती लागलेल्या जाणकाराला व्हीएम चालू करण्याचीही गरज पडत नाही. बाहेर पाठवायची व्हीएम आधी रीतसर बंद करा, ‘स्नॅपशॉट्स’ फोल्डरमध्ये एकही ‘डॉट एसएव्ही’ फाइल उरली नाही हे पाहा आणि उरलेला फोल्डर कूटबद्ध करूनच पेनड्राइव्हवर घाला. व्हीएमचा फोल्डर वनड्राइव्हसारख्या आपोआप वर चढणाऱ्या जागी असेल तर तो आजच तिथून हलवा, आणि आधीच वर गेलेल्या सेव्ह फाइली तिथल्या कचरापेटीतूनही काढून टाका.